ग्रंथाचे शिल्प होताना : प्रस्तावना

पुस्तक ही वजन असलेली, कडा आणि पाठ असलेली, हाताला लागणारी वस्तू आहे, ही गोष्ट वाचनात गढलेला मनुष्य विसरून जातो, आणि ज्या पुस्तकाने ती विसरायला लावली तेच पुस्तक उत्तम असा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा समज आहे. मजकूर हा आत्मा आणि कागद, पुठ्ठा, शिवण हा देह, असा भेद मनाशी धरून आपण ग्रंथाकडे पाहतो. देहाची एक आवृत्ती फाटली तर दुसरी छापावी, यापलीकडे त्या देहाची विचारपूस करण्याचे आपणांस सहसा प्रयोजन पडत नाही. गेल्या सव्वाशे वर्षांत मात्र चित्रकारांच्या आणि शिल्पकारांच्या एका परंपरेने या उपेक्षित देहावरच आपले लक्ष केंद्रित केले. प्रथम त्याला चित्राचा मान दिला, पुढे त्याला उभे केले, त्यावर सरस, प्लास्टर, रंग आणि धातू चढविले, आणि अखेरीस जिचे पान उलटता येत नाही, जिच्यातील ओळ वाचता येत नाही, पण जिच्याभोवती फिरून जी पाहावी लागते अशी रंगविलेली मूर्ती त्यातून घडविली. या परंपरेची ओळख मराठी वाचकाला करून द्यावी, आणि तिच्यातील खऱ्याखोट्याची पारख कशी करावी याविषयी काही निश्चित मत मांडावे, एवढ्या हेतूने पुढील प्रकरणे लिहिली आहेत.

या इतिहासाची सुरुवात पॅरिस शहरातून करणे सोयीचे आहे. 1900 साली आम्ब्रोआझ व्होलार या चित्रविक्रेत्याने पॉल व्हर्लेनच्या कवितांचे पुस्तक पिएर बोनार या चित्रकाराकडून सजवून घेतले, तेव्हा बोनारने आपली गुलाबी शाईतील शिलामुद्रित चित्रे चौकटीत बंदिस्त न करता समासांतून, ओळींच्या आजूबाजूने, कित्येक ठिकाणी कवितेला बिलगून वाहू दिली. ग्राहकांनी त्या पुस्तकाचे फारसे स्वागत केले नाही; तथापि पानावर चित्रकाराचा हक्क कवीच्या बरोबरीचा आहे, ही गोष्ट तेथे प्रस्थापित झाली. त्यानंतर तेरा वर्षांनी सोनिया दलोने या चित्रकर्तीने ब्लेझ सांद्रार या कवीच्या ट्रान्स-सायबेरियन रेल्वेवरील दीर्घ काव्याला जे रूप दिले, त्यात हा हक्क आणखी पुढे सरकला. ते पुस्तक म्हणजे घड्या घातलेली एक उभी पट्टी आहे. उजव्या अंगाला निरनिराळ्या वळणांच्या टाइपांत छापलेले काव्य, डाव्या अंगाला वरपासून खालपर्यंत उतरणारी रंगांची वर्तुळे आणि कमानी. आणि सर्व घड्या उलगडल्या म्हणजे तिची उंची जवळजवळ दोन मीटर भरते. दीडशे प्रती काढाव्यात, म्हणजे त्या टोकाला टोक लावून धरल्या असता आयफेल मनोऱ्याइतकी उंची होईल, असा त्या दोघांचा संकल्प होता. हा संकल्प केवळ नवथर उत्साहाचा विलास म्हणून सोडून देण्याजोगा नाही. मांडीवर घेऊन वाचण्याची वस्तू मनुष्याच्या उंचीहून उंच झाली, वाचणाऱ्याला तिच्यासमोर उभे राहावे लागले, आणि एका पुस्तकाचे मोजमाप पृष्ठसंख्येऐवजी इमारतीच्या उंचीने करावे असे तिच्या कर्त्यांना वाटले, यात पुस्तकाच्या शिल्प होण्याची पहिली हालचाल स्पष्ट दिसते.

पुस्तक आणि कलाकृती यांच्या संबंधाची दुसरी धारा याच्या अगदी विरुद्ध दिशेने आली. 1963 मध्ये अमेरिकेतील एड रुशे या चित्रकाराने रस्त्याकडेच्या सव्वीस पेट्रोल पंपांची साधी छायाचित्रे एका लहानशा पुस्तकात छापली. पहिल्या आवृत्तीच्या चारशे प्रती, सामान्य छपाई, किरकोळ किंमत, आणि प्रस्तावना नाही की स्पष्टीकरण नाही. व्होलारचे पुस्तक धनिकांच्या कपाटासाठी होते; रुशेचे पुस्तक कोणीही विकत घ्यावे, खिशात घालावे, मित्राला द्यावे यासाठी होते. कलावंताचे पुस्तक म्हणून आज जो प्रकार ओळखला जातो त्याचे बळ या दुसऱ्या धारेत आहे: चित्र पाहण्यासाठी संग्रहालयाच्या दारात ताटकळण्याची गरज उरली नाही, ते हातात आले, आणि कोणते पान किती वेळ पाहावे, कोणते टाळावे, कोठून मागे फिरावे, याचा सर्वाधिकार पाहणाऱ्याकडे गेला.

प्रस्तुत विषयातील खरा पेच येथेच उत्पन्न होतो. असे हातात आलेले, पुष्कळांचे झालेले पुस्तक जेव्हा कलावंत पुन्हा घेतो, त्याची पाने एकमेकांस चिकटवितो, त्यावर रंगाचे थर देतो आणि ते चौथऱ्यावर ठेवतो, तेव्हा अनेक प्रतींतील एक प्रत एकमेव होते, स्पर्शाची वस्तू अस्पर्श होते, आणि पान उलटण्याचा जो हक्क वाचकाकडे वहिवाटीने चालत आला होता तो एका फटक्यात रद्द होतो. हे हक्क काढून घेणे अन्याय्यच आहे असे माझे म्हणणे नाही. परंतु ज्याने तो घेतला त्याने त्याचा मोबदला दिला पाहिजे, आणि तो मोबदला पाहणाऱ्याच्या पदरात खरोखर पडला पाहिजे, अशी माझी धारणा आहे. या एका कसोटीवर पुढील सर्व कृती मी घासून पाहिल्या आहेत, आणि ज्या कृती मला श्रेष्ठ वाटल्या त्या का वाटल्या याचे उत्तरही प्रत्येक वेळी याच कसोटीने दिले आहे.

ही कसोटी ज्याने सर्वांत आधी आणि सर्वांत कठोरपणे स्वतःला लावून घेतली तो मार्सेल ब्रोतार्स हा बेल्जियमचा कवी होय. चाळिसाव्या वर्षापर्यंत त्याने कविता लिहिल्या आणि दारिद्र्य भोगले. 1964 साली 'पाँस-बेत' हा त्याचा काव्यसंग्रह निघाला. त्याच्या काही प्रतींत त्याने ओळींवर रंगीत कागदाचे भौमितिक तुकडे असे चिकटविले होते, की ते उचलल्याशिवाय खालची कविता दिसू नये. म्हणजे वाचनाला अडथळा होता, परंतु तो दूर सारण्याची मुभाही होती. त्याच वर्षी त्याने न खपलेल्या सुमारे पन्नास प्रतींचा गठ्ठा घेऊन तो प्लास्टरमध्ये कायमचा बसविला आणि ब्रसेल्समधील आपल्या पहिल्या प्रदर्शनात शिल्प म्हणून मांडला. पुस्तक वाचावयाचे तर शिल्प फोडावे लागेल आणि शिल्प राखावयाचे तर कविता मुकी राहील, असा हा कोंडीचा करार होता. प्रेक्षकांपैकी कोणालाही त्या बंद कवितांविषयी कुतूहल वाटले नाही, आत गद्य आहे की पद्य हेही कोणी विचारले नाही, ही गोष्ट ब्रोतार्सने पुढे स्वतः नमूद करून ठेवली आहे. मला या कृतीचे मोल तिच्या चातुर्यात दिसत नाही. या मनुष्याने दुसऱ्याचे काही गहाण टाकले नाही. आपलीच वीस वर्षांची कवित्वाची उमेद त्याने त्या पांढऱ्या लगद्यात पुरली, आणि त्या बदल्यात, जगाने ज्या पुस्तकाकडे पाहिले नव्हते त्याकडे जगाला पाहावयास लावले. किंमत त्याने स्वतःच्या गाठीची मोजली.

जॉन लॅथम या ब्रिटिश कलावंताची गोष्ट इतकी सरळ नाही, आणि म्हणूनच तिच्यासाठी मी अधिक पृष्ठे खर्च केली आहेत. 1958 पासून त्याने जुनी पुस्तके अर्धवट जाळून, उघडी करून, तारा आणि प्लास्टर यांच्या साहाय्याने कॅनव्हासवर बसविली आणि त्यावर फवाऱ्याने रंग दिला. लंडनच्या टेट संग्रहालयात 1960 ची 'फिल्म स्टार' ही त्याची कृती आहे. तिच्यात पुस्तके फलकाच्या पृष्ठभागातून अशी बाहेर आलेली आहेत, की जखमेतून मांस दिसावे तशी त्यांची रंगविलेली पाने काळसर कडांमधून दिसतात. चित्र आणि शिल्प यांच्या सीमेवरील या कृतींत मला एक विलक्षण गांभीर्य जाणवते; ज्ञान एका क्षणात ग्रहण होत नाही, ते पानामागून पान असे काळाच्या ओघात उलगडते, या गोष्टीचा लॅथमने मनापासून विचार केला होता आणि पुस्तकाच्या थरांत त्याला काळाचे थर दिसत होते. तथापि 1964 नंतर त्याने लंडनमध्ये ज्ञानकोशांसारख्या ग्रंथांचे मनोरे रचून ते जाहीरपणे जाळले, तेथे माझी मान तुकत नाही. 10 मे 1933 च्या रात्री बर्लिनच्या ऑपेराजवळील चौकात नाझी विद्यार्थ्यांनी सुमारे वीस हजार पुस्तके जाळल्यास तेव्हा पुरती पस्तीस वर्षेही लोटली नव्हती. ज्या शतकाने तो अग्नी पाहिला त्या शतकात ग्रंथाला काडी लावणाऱ्याने, आपला हेतू कितीही वेगळा असला तरी, त्या आठवणीचे ऋण मान्य केले पाहिजे. त्याच चौकात 1995 साली मिखा उलमान या शिल्पकाराने जमिनीखाली, काचेतून दिसणारी, वीस हजार पुस्तके मावतील इतकी रिकामी पांढरी फडताळे बांधली. एकही पुस्तक नसलेले ते ग्रंथालय पुस्तकांविषयी जितके बोलते तितके लॅथमचे जळते मनोरे बोलत नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसऱ्याच्या पुस्तकाला हात लावूच नये असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. टॉम फिलिप्सने 1966 मध्ये दक्षिण लंडनमधील एका दुकानातून डब्ल्यू. एच. मॅलॉक या विस्मृत कादंबरीकाराची 1892 ची एक कादंबरी तीन पेन्सांना विकत घेतली, आणि तिच्या प्रत्येक पृष्ठावर चित्रे रंगवून, मधल्या निवडक शब्दांची बेटे तेवढी मोकळी ठेवून, त्यांतून एक नवीनच कथा वर आणली. एकदा पुरे झालेले पुस्तक त्याने पुन्हा हाती घेतले, जुनी पाने बाजूला सारून नवी रंगविली, आवृत्तीमागून आवृत्ती काढली, आणि 2016 साली अखेरची आवृत्ती प्रसिद्ध होईपर्यंत त्या एका कादंबरीच्या सहवासात त्याने पन्नास वर्षे काढली. मॅलॉकला स्वतःच्या काळातही याहून निष्ठावान वाचक लाभला नसेल. ही कृती शिल्प नव्हे, पण तिचा समावेश या पुस्तकात मी आग्रहाने केला आहे, कारण परक्या ग्रंथावर रंग चढविण्याचा अधिकार कशाने मिळतो याचा तिच्याइतका निःसंदिग्ध दाखला दुसरा नाही. तो अधिकार वाचनाने मिळतो.

आन्सेल्म कीफर या जर्मन कलावंताने या परंपरेला जे वजन दिले ते शब्दशः वजन आहे. 1945 साली, युद्धाच्या अखेरच्या महिन्यांत जन्मलेल्या या चित्रकाराने आरंभापासून पुस्तके केली. सत्तरीच्या दशकाच्या मध्यावर त्याने स्वतःचीच रंगविलेली कॅनव्हासे जाळून, कापून, त्यांची पाने बांधून काळीठिक्कर पुस्तके तयार केली. म्हणजे येथे पुस्तकाचे चित्र झाले नाही, चित्राचे पुस्तक झाले, आणि या उलट प्रवासाचाही खर्च कर्त्यानेच सोसला. पुढे कोलोनच्या महामंदिराच्या छपराचे जुने शिसे त्याच्या हाती आले. 1985 ते 1989 या काळात घडविलेल्या, 'दोन नद्यांचा देश' अशा नावाच्या महाशिल्पात शिशाच्या सुमारे दोनशे ग्रंथांनी भरलेली, चार मीटरांहून उंच अशी दोन पोलादी फडताळे आहेत; एकाचे नाव टायग्रिस, दुसऱ्याचे युफ्रेटिस. आज ही कृती ओस्लो येथील आस्त्रुप फेअर्नली संग्रहालयात आहे. यातील कित्येक ग्रंथ एकट्या माणसाला उचलता येणार नाहीत. त्यांवर वेगळा रंग लावण्याची गरज कीफरला भासली नाही. हवा, पाणी आणि आम्ले यांनी शिशावर जे करडे, पांढुरके आणि निळसर डाग उठतात तेच त्याचे रंगकाम होय.

धातूच्या ग्रंथाची ही कल्पना आपल्याकडील वाचकाला तितकीशी परकी वाटू नये. राष्ट्रकूटांचे आणि शिलाहारांचे ताम्रपट या भूमीत शेकड्यांनी निघाले आहेत: बहुधा तांब्याचे तीन पत्रे, त्यांच्या भोकांतून ओवलेली कडी, कडीच्या सांध्यावर गरुडाची राजमुद्रा, आणि आतील अक्षरे झिजू नयेत म्हणून पहिल्या पत्र्याची बाहेरची बाजू कोरी. दानाचा तो दस्तऐवज होता, पण त्याची सत्ता केवळ मजकुरात नव्हती; ती त्या जडपणात, त्या कडीत, त्या मुद्रेत होती, आणि ज्या कुटुंबाने तो पिढ्यान्‌पिढ्या जतन केला त्यातील पुष्कळांना त्याची लिपी वाचताही येत नसे. वाचता न येणारा ग्रंथही मनुष्याला बांधून ठेवतो, हे कीफर ज्या मार्गाने सांगतो तो मार्ग आपल्या पूर्वजांच्या पायाखालचा होता.

आता थोडे कारागिरीविषयी. पुस्तकाचे शिल्प करणे म्हणजे कागदाशी दीर्घकाळ झगडणे होय. कागद हवेतील दमट अंश शोषतो आणि त्याच्या तंतूंच्या आडव्या दिशेने फुगतो. तो धागा ओळखल्याशिवाय पाने चिकटविली तर सारा ठोकळा पिळवटतो. जुजबंदी पक्की असेल तर फर्मे एकमेकांना धरून राहतात आणि उघडे पुस्तक पंख्यासारखे डौलाने पसरते. केवळ पाठीला सरस लावून केलेली बांधणी प्लास्टरचे ओलावलेले वजन पेलू शकत नाही. तैलरंग थेट कागदावर दिला तर जवसाच्या तेलाने कागद कालांतराने पिवळा आणि ठिसूळ होतो, यास्तव आधी सरसाचे, मग खडू आणि सरस यांच्या मिश्रणाचे अस्तर द्यावे लागते. खळीत मोरचूद घालण्याची आपल्या बुकबाइंडरांची जुनी रीत कसर आणि वाळवी यांना आळा घालण्यासाठीच होती. कोकणासारख्या दमट मुलुखात बुरशीचाही बंदोबस्त करावा लागतो. कागदावरील कलाकृतींना संग्रहालयांत साधारणतः 50 लक्सच्या वर प्रकाश देत नाहीत, आणि शिल्पाला तर चहूबाजूंनी उजेड हवा असतो. ही ओढाताण ज्याने आधीच हिशेबात धरली नाही त्याचे काम दोन दशकांत निस्तेज होते. या तपशिलांसाठी स्वतंत्र प्रकरण दिले आहे, आणि हौसेने हे काम करणाऱ्यांनी ते वगळू नये अशी विनंती आहे.

आतापर्यंत वर्णिलेल्या पाश्चात्त्य कृतींत वाचकाचा पान उलटण्याचा हक्क बहुतेक ठिकाणी गेलेलाच आहे. त्याच्या मोबदल्यात कोठे दुःख मिळाले, कोठे विचार, कोठे भव्यता. परंतु तो हक्क कायम ठेवूनही पुस्तक रंगीत शिल्प होऊ शकते, हे राजस्थानातील कावडीने फार पूर्वी सिद्ध केले आहे. चितोडगडाजवळील बस्सी या गावचे सुतार लाकडाची ही लहानशी देवघरे घडवितात आणि लाल भूमीवर देवदेवतांच्या, संतांच्या आणि यजमानांच्या पूर्वजांच्या चित्रांनी ती भरून काढतात. कावडिया भाट ती खांद्यावरून गावोगाव नेतो, यजमानाच्या दारी बसून एकेक दार उघडतो, मोरपिसाने चित्र दाखवीत वंशावळ आणि कथा सांगतो, आणि सगळी दारे उघडली म्हणजे सर्वांत आत देव दिसतो. हे पुस्तकच आहे. त्याला पाने आहेत, पानांना क्रम आहे, क्रमाला अर्थ आहे, आणि तळाशी दानासाठी खणही आहे. गुलाममोहम्मद शेख या बडोद्याच्या ज्येष्ठ चित्रकाराने या रचनेतून स्वतःच्या कावडी निर्माण केल्या, आणि 2008 साली 'घर' या विषयावर, प्रेक्षकाने आत शिरावे एवढ्या आकाराची कावड उभारली, जिच्या दारांवर कबीर आणि गांधी यांच्यासह निरनिराळ्या काळांतील आणि धर्मांतील स्मृती एकमेकींच्या शेजारी नांदतात. येथे मनुष्य पुस्तकासमोर उभा राहत नाही, त्याच्या पानांमधून चालतो. माझ्या कसोटीला उतरणाऱ्या कृतींत मी हिला अग्रस्थान दिले आहे.

आपल्या सिंधुदुर्गातील पिंगुळीचे चित्रकथी याच कुळातील होत. ठाकर समाजातील या कलावंतांची पोथी म्हणजे रंगविलेल्या सुट्या चित्रांचा संच. वीणा, टाळ आणि हुडूक यांच्या साथीने एकेक पान समोर धरून रामायण-महाभारतातील आख्यान गाईले जाते. या परंपरेला सावंतवाडी संस्थानचा आश्रय होता, आणि पैठणी चित्रकथी म्हणून ओळखली जाणारी जुनी चित्रे पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात पाहावयास मिळतात. ते पान धरणारा हात, ते गाणारा कंठ आणि ते पाहणारा समुदाय मिळूनच तेथे पोथी पुरी होते. एकटे पान चौकटीत घालून भिंतीवर लावले की ती अपुरी राहते. संग्रहालयांच्या चालकांनी या गोष्टीचा गंभीरपणे विचार करावा असे मला वाटते.

अखेरीस एका आक्षेपाचा परामर्श घेणे अवश्य आहे. पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करणाऱ्या, दसऱ्याला ग्रंथांची पूजा मांडणाऱ्या आणि जीर्ण पोथी रद्दीत न देता नदीत विसर्जित करणाऱ्या घरांतून आपण आलो आहोत. तेव्हा पुस्तकावर प्लास्टर ओतण्याची कल्पना अनेकांना अशिष्ट, नव्हे पापमय वाटेल. या वाचकांनी आपला हा संस्कार टाकून मगच या कलेकडे यावे, असे मी म्हणणार नाही. उलट तो जपून आणावा. ज्याला पुस्तकाचे काहीच वाटत नाही त्याला ब्रोतार्सच्या प्लास्टरमध्ये केवळ एक ढेकूळ दिसेल. ज्याचा हात ते पान उलटण्यासाठी आपोआप पुढे होतो आणि मग अडतो, त्यालाच त्या कृतीचा अर्थ कळेल. पूजेच्या वेळी आपणही पुस्तक मिटूनच ठेवतो, त्याला हळदकुंकू वाहतो आणि त्या दिवशी ते वाचत नाही. न वाचलेल्या ग्रंथासमोर आदराने उभे राहणे आपल्याला नवे नाही.

पुढील प्रकरणांची मांडणी कालानुक्रमाने केली आहे आणि प्रत्येक छायाचित्राखाली उंची, रुंदी व खोली अशी तिन्ही मापे दिली आहेत, कारण छायाचित्र शिल्पाला पुन्हा सपाट पान करून टाकते आणि मापांवाचून त्याची कल्पना येत नाही. शक्य असेल तेथे वाचकांनी मूळ कृती पाहावी. दूरच्या देशांतील संग्रहालये सर्वांच्या आवाक्यातील नसली तरी पिंगुळी फार दूर नाही. आणि हे पुस्तक वाचून ज्या तरुण कलावंताला एखाद्या ग्रंथाचे शिल्प करावेसे वाटेल, त्याला माझे एकच सांगणे आहे: ब्रश हाती घेण्यापूर्वी तो ग्रंथ त्याने अथपासून इतिपर्यंत वाचून काढावा.